सतरा वर्षांचा मुलगा, खुनाचं कलम आणि बाल न्याय मंडळाचे पहिले नव्वद दिवस

जत-आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत, सांगली जिल्ह्यात कुठंही सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्या गुन्ह्याचा आरोप आला की त्याच्या घरच्यांची गाठ एका सरकारी सेवेशी पडते. पोलीस ठाणं, बाल न्याय मंडळ, मुलाच्या घरची माहिती काढून अहवाल देणारा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), विधी सेवा प्राधिकरणानं दिलेला वकील, मानसशास्त्रज्ञ आणि वेळ आलीच तर सत्र न्यायालयातलं बाल न्यायालय अशी ती साखळी आहे. हे परीक्षण त्या साखळीचं आहे, कुठल्या एका कार्यालयाचं किंवा अधिकाऱ्याचं नाही. मत आधीच सांगतो. पालकांना वाटते त्यापेक्षा ही व्यवस्था कायद्यात पुष्कळ चांगली आखलेली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मात्र तिची सगळ्यात कच्ची कडी नेमकी त्या जागी आहे जिथं मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं. त्या टप्प्याला ‘प्राथमिक मूल्यमापन’ म्हणतात. मुलाची चौकशी लहान म्हणून मंडळातच करायची की त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा, याचा पहिला निर्णय तिथं होतो. आणि त्याच वेळी घरचे म्हणत असतात, “अजून केस बोर्डावर कुठं आलीय? उभी राहिली की बघू.” केस उभी राहते तोवर निम्मं ठरून गेलेलं असतं.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण त्यानं मुलं बुडतात. गावातली मोठी पोरं धाकट्याला सांगतात, “तू अज्ञान आहेस, अंगावर घे, तुला काही होत नाही.” हे आता खरं नाही. २००० च्या कायद्यात अठराच्या आतल्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येत असे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तो कायदा बदलला. त्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये वय खाली आणण्याची शिफारस केली नव्हती, तरीही संसदेनं २०१५ चा बाल न्याय कायदा केला आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १५ नुसार सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर ‘अतिगंभीर’ गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाला त्याचं मूल्यमापन करावंच लागतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवता येतं. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र अठराच्या आतल्या कुणालाही देता येत नाही. ते कलम २१.

ठाण्यातली पहिली रात्र

कागदावर हा टप्पा उत्तम आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. त्याच्याशी बोलायचं ते बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत, आणि आई-वडील त्या वेळी शेजारी बसू शकतात. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला मंडळापुढं किंवा मंडळ बसलेलं नसेल तर त्याच्या एका सदस्यापुढं हजर करावं लागतं. गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी प्रकरणांत ठाण्याच्या डायरीतली नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढंच पुरे.

चुका होतात त्या बहुधा घरच्यांच्या घाईतून आणि ठाण्यातल्या गर्दीतून. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. तरीही “एक सही कर आणि घरी जा” हे वाक्य ऐकलं की घाबरलेला बापच मुलाला सही करायला सांगतो. तसं करू नका. तिथं फक्त तीन गोष्टी मागा: बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव, एफआयआरची प्रत आणि विधी सेवा प्राधिकरणाला कळवल्याची नोंद. मुलाला ताब्यात घेतल्याची नेमकी वेळ एका कागदावर लिहून ठेवा. चोवीस तास मोजायचे झाले तर पुढं त्या वेळेवरूनच मोजायचे असतात.

वकिलासाठी जमीन गहाण टाकण्याची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, आणि १५१०० हा क्रमांक आहे. या सेवेबद्दल लोकांचं मत विनाकारण वाईट आहे. मोफत म्हणजे हलकं, असं धरून माणसं कर्ज काढतात आणि ज्याला बाल न्याय कायदा सरावाचा नाही असा फौजदारी वकील लावतात. असा वकील जामिनाच्या अर्जात सराईतपणे सत्र न्यायालयाची भाषा लिहितो आणि मूल्यमापनाकडे त्याचं लक्षच जात नाही. वकील खासगी असो की मोफत, त्याला एकच प्रश्न विचारा: कलम १५ च्या किती प्रकरणांत तुम्ही उभे राहिलात?

एक पथ्य कटाक्षानं पाळा. गुन्ह्यात मोठी माणसंही आरोपी असतील तर त्यांचा आणि मुलाचा वकील एक नको. “सगळ्यांना मीच बघतो” असं म्हणणारा वकील कितीही नावाजलेला असला तरी नको. मोठ्यांचा बचाव पुष्कळदा “वार पोरानं केला” यावर उभा राहतो आणि मुलाचा “मला बोलावून नेलं” यावर. एकाच वकिलाला हे दोन्ही खरेपणानं मांडता येत नाहीत. कायद्यानंही दोघांची कामं वेगळी ठेवली आहेत. कलम २३ प्रमाणे मूल आणि प्रौढ यांचा खटला एकत्र चालवता येत नाही.

वय: एक जूनचा घोळ

वय पाहायचं ते गुन्ह्याच्या तारखेचं. अटकेच्या किंवा निकालाच्या दिवशी मुलगा वीस वर्षांचा झालेला असला तरी त्यानं फरक पडत नाही. मुलगा अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही, मांडता येतो. गुन्ह्याच्या दिवशी सोळा पूर्ण नसतील तर मोठ्यांसारखा खटला हा विषयच संपतो. त्यामुळं इथं एकेक दिवस मोलाचा आहे.

आपल्या भागातली अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून टाकत. आता हिशेब पाहा. मुलाचा खरा जन्म २० नोव्हेंबर २००८ चा, शाळेच्या जनरल रजिस्टरला १ जून २००८, आणि घटना १० ऑगस्ट २०२४ ची. शाळेच्या नोंदीनं मुलगा सोळा वर्षं दोन महिन्यांचा होतो, खऱ्या जन्मानं पंधरा वर्षं आठ महिन्यांचा. कलम ९४ चा क्रम मात्र शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा आहे. म्हणून “आमच्याकडं जन्मदाखला आहे” एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

अशा वेळी दोन्ही कागद पहिल्याच तारखेला वकिलाच्या हातात द्या. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीचा उतारा, प्रसूती झालेल्या दवाखान्याचा कागद, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, जे मिळेल ते. शाळेच्या नोंदीनं निघणारं अनुमान पुराव्यानं खोडता येतं, पण ते वेळेत मांडलं तरच. बाप ‘वय कमी करून’ आणलेला दाखला घेऊन येतो तेव्हा तो मुलाचं नुकसान करतो. शाळेचं मूळ रजिस्टर मंडळ मागवून घेतं. त्यातली खाडाखोड दिसली की पुढं घरच्यांच्या खऱ्या कागदावरही कुणी विश्वास ठेवत नाही. हाडांच्या तपासणीला शेवटचा उपाय म्हणूनच धरा. तिच्यात एक-दोन वर्षं इकडंतिकडं होतात, आणि सोळाच्या सीमेवर उभ्या असलेल्या मुलाला तेवढा फरक फार मोठा असतो.

कलम कोणतं, तेवढंच पाहू नका. किमान शिक्षा पाहा

या भागात पालकच काय, पुष्कळ वकीलही चुकतात. ‘अतिगंभीर’ म्हणजे ऐकायला भयंकर वाटणारा गुन्हा नव्हे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा कायद्यात लिहिली आहे तो अतिगंभीर. जास्तीत जास्त जन्मठेप आहे, पण किमान शिक्षा लिहिलेलीच नाही किंवा सातहून कमी आहे, असा गुन्हा ‘गंभीर’ गटात बसतो आणि त्यासाठी मुलाला मोठ्यांसारखं चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हे सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच घातलं.

भारतीय न्याय संहितेतली उदाहरणं घेऊ. कलम १०३, खून: अतिगंभीर. कलम १०९, खुनाचा प्रयत्न: किमान शिक्षा नाही, म्हणून गंभीर. कोयत्यानं मारून हाड मोडलं तर लागणारं कलम ११८(२): जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे पण किमान एकच वर्ष, म्हणून गंभीर. साधा दरोडा, ३१०(२): किमान नाही, गंभीर. पण दरोड्यात किंवा जबरी चोरीत घातक शस्त्र वापरलं किंवा गंभीर दुखापत केली आणि ३११ लागलं की किमान सात वर्षं, म्हणजे अतिगंभीर. दोन कलमांत आकड्याचं अंतर फक्त एकाचं, पण मुलासाठी दोन वेगळी आयुष्यं. अमली पदार्थांच्या कायद्यात व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षं आहेत. वीस किलोपेक्षा जास्त गांजा किंवा पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, हे त्यात येतं. नुसती पिशवी पोचवणारा सतरा वर्षांचा मुलगाही या गटात सापडू शकतो.

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये झालेल्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला मोठ्यांसारखं चालवा अशी मागणी राज्यभर झाली. पोलिसांनी तसा अर्जही केला आणि जुलै २०२५ मध्ये मंडळानं तो फेटाळला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता, दोन तरुण जीव गेले होते. पण तिथं लावलेल्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ ला, म्हणजे सदोष मनुष्यवधाला, किमान शिक्षा नाही, हे आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर ‘श्रीमंताचं पोरगं म्हणून सुटलं’ एवढीच चर्चा झाली नसती. तोच नियम जतच्या धनगरवाड्यावरच्या मुलालाही लागू आहे.

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा, भाग वेगळा सांगावाच लागतो, कारण आपल्याकडं या कलमाखाली येणाऱ्या मुलांत पळून गेलेली प्रेमी जोडपीही असतात. मुलगा सतराचा, मुलगी सोळाची, दोघं आठ दिवस बाहेर राहून परत आले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली. संमतीचं वय अठरा असल्यामुळं मुलीचं ‘हो’ कायद्यात मोजलं जात नाही. पोक्सोच्या कलम ४ ला किमान दहा वर्षं आहेत, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. म्हणजे प्रकरण थेट अतिगंभीर गटात आणि मूल्यमापनाच्या दारात. इथं ‘कोणत्या परिस्थितीत घडलं’ हा मुद्दा मुलाचा सगळ्यात मोठा आधार असतो. दोघांची चिठ्ठीचपाटी, फोनवरचे संदेश, मुलीनं न्यायदंडाधिकाऱ्यापुढं दिलेला जबाब, हे सगळं मंडळापुढं यायला हवं. फोन घाबरून फोडू नका. तो पुरावा मुलाच्याच बाजूचा असू शकतो.

जामीन

बाल न्याय कायद्यातली ही सगळ्यात चांगली तरतूद आहे आणि तीच सगळ्यात कमी समजून घेतलेली आहे. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हा नियम आहे. नाकारायचं तर कारणं तीनच: बाहेर गेल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा उद्देशच हरेल. ‘गुन्हा फार मोठा आहे’ हे कारण त्या यादीत नाही.

प्रत्यक्षात अडतं ते दुसऱ्या कारणावर. गावात दोन गट पडलेले असतात, मयताच्या भावकीचा राग असतो आणि पोलीस म्हणतात मुलाच्या जिवाला धोका आहे. ते खोटंही नसतं. यावर तोंडी आश्वासन चालत नाही, तयारी लागते. घटना मिरज तालुक्यातली असेल तर आटपाडी किंवा खानापूरच्या मामाकडं, आत्याकडं मुलाला ठेवण्याची व्यवस्था करा. त्या नातेवाइकाचं संमतीपत्र, त्यांचं रेशनकार्ड, आधार, तिथल्या शाळेची किंवा आयटीआयची प्रवेशाची तयारी दाखवणारं पत्र, एवढं जोडून अर्ज द्या. मंडळाला मुलगा कुठं राहील, कोण सांभाळेल आणि दिवसभर काय करेल हे दिसलं पाहिजे. जामीन मंजूर होऊनही हमीच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढं नेऊन अटी सैल करून मागता येतात. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मुलांना हे कलम फार उपयोगी पडतं.

मूल्यमापन: या सेवेचा कच्चा दुवा

आता मुख्य भाग. कलम १५ मंडळाला तीन गोष्टी तपासायला सांगतं. असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, गुन्ह्याचे परिणाम समजण्याची त्याची पात्रता, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडल्याचा आरोप आहे. मुदत मंडळापुढं पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिने. हा खटला नव्हे, असं कलमातच लिहिलं आहे. मुलानं गुन्हा केला की नाही हे इथं ठरत नाही आणि तो निर्दोष आहे असंच धरून चालायचं असतं.

या तीन महिन्यांत कागद असे जमतात. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत यायला हवा. पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब आणि तपासाची कागदपत्रं एका महिन्यात मंडळाला द्यायची आणि त्यांची प्रत मुलाला किंवा पालकांना द्यायची. मग तज्ज्ञाचा अहवाल. सगळं वेळेत होतंच असं नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे, असं ठरवलं. त्यामुळं नव्वद दिवस उलटले म्हणजे मुलगा आपोआप सुटला, या आशेवर बसू नका.

परिविक्षा अधिकारी घरी येतो तेव्हा घरचे एकतर घाबरून गप्प बसतात किंवा मुलाची नुसती तोंडभर स्तुती करतात. दोन्हींचा उपयोग नाही. त्याच्यापुढं कागद ठेवा. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका. शाळा मध्येच सुटली असेल तर का सुटली याचा पुरावा: आई-बाप कोणत्या कारखान्याच्या तोडीला कोणत्या साली गेले, मुलगा कोणाच्या द्राक्षबागेत किती दिवस मजुरीला होता. लहानपणी डोक्याला मार, फिट येणं, दारू किंवा व्हाइटनर हुंगण्याची सवय, घरातली मारहाण, यांपैकी काही असेल तर दवाखान्याच्या केसपेपरसह सांगा. अब्रूसाठी हे लपवलं जातं आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर मुलाची बाजू रिकामी राहते. ज्या गुरुजींनी किंवा बाईंनी मुलाला जवळून पाहिलं आहे त्यांचं नाव द्या, अधिकारी त्यांच्याशी बोलू शकतो.

तज्ज्ञाच्या अहवालाबद्दल आमचं मत कडक आहे. वाईट अहवाल ओळखायचा कसा तर तो दीड-दोन पानांचा असतो, एका बैठकीत झालेला असतो, बिने-कामत किंवा तशाच चाचणीनं काढलेला बुद्ध्यांक त्यात असतो आणि शेवटी एक ओळ: ‘बुद्ध्यांक सरासरी, मुलाला परिणामांची जाण आहे.’ बुद्ध्यांकावरून मुलगा कोडं किती पटकन सोडवतो ते कळतं. चार मित्रांनी रात्री मोटरसायकलवर घालून नेलं आणि हातात कोयता दिला तेव्हा ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्यात किती होती, हे बुद्ध्यांकावरून कळत नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो हे शास्त्राला माहीत आहे. शिवाय प्रश्न आजच्या मुलाबद्दलचा नसतो, घटनेच्या दिवशीच्या मुलाबद्दलचा असतो. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथं, दोन महिने काढलेला, वकिलाशी आणि समुपदेशकाशी बोललेला मुलगा ‘खून केला की काय होतं’ याचं उत्तर नीट देणारच.

गुरुग्रामच्या शाळेतल्या २०१७ च्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १३ जुलै २०२२ रोजी दिलेला निकाल प्रत्येक पालकाच्या वकिलाच्या फाईलला लागलेला असावा. बरुण चंद्र ठाकूर विरुद्ध मास्टर भोलू. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे, असं त्यात सांगितलं. दुसरं, ‘परिणाम’ म्हणजे वार केला की माणूस मरतो एवढंच ज्ञान नव्हे. मयताच्या घरावर, स्वतःवर, स्वतःच्या आई-बापावर पुढं वर्षानुवर्षं काय ओढवेल हे समजणंही त्यात येतं. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वकिलानं पहिल्याच तारखेला अर्ज द्यावा: सर्व अहवालांच्या प्रती मिळाव्यात, तज्ज्ञ कोण आणि त्याची पदवी काय ते कळावं, आणि तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची संधी मिळावी.

विचारायचे प्रश्न साधे असतात. मुलाला किती वेळा भेटलात, किती वेळ? घटनेनंतर किती दिवसांनी? शेजारी पोलीस होते का? आई-वडिलांशी, शिक्षकांशी बोललात का? कोणत्या भाषेत? हा शेवटचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. जतच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. मराठी चाचणीत अडखळलेला मुलगा मंद ठरतो, किंवा एका शब्दात उत्तरं दिली म्हणून ‘पश्चात्ताप नाही’ असा शेरा बसतो. दुभाषा मागा. चांगला तज्ज्ञ मिळवणंही इथं अशक्य नाही. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षानं तज्ज्ञांची यादी मंडळाला उपलब्ध करून द्यावी असं नियम सांगतात. ती यादी लेखी मागा.

आणखी एक धोका. मूल्यमापनात ‘काय घडलं ते सांग’ असं विचारलं की मुलगा सगळं सांगून टाकतो, कारण समोरची व्यक्ती मायेनं बोलत असते. हे कबुलीजबाबासाठी वापरायचं नसतं, पण ते कागदावर येतं. भेटीच्या आदल्या दिवशी वकिलानं मुलाला नीट समजावावं: घरचं, शाळेचं, सवयींचं खरं सांग. घटनेच्या तपशिलाबद्दल वकील सांगेल तसं.

आदेश विरोधात गेला तर

प्रकरण बाल न्यायालयाकडे गेलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. कलम १०१(२) खाली मूल्यमापनाच्या आदेशावर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. नकलेचा अर्ज आदेशाच्या दिवशीच द्या. अपील नसलं तरी बाल न्यायालयाला कलम १९(१) खाली स्वतः पुन्हा ठरवावं लागतं की या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची खरोखर गरज आहे का. सप्टेंबर २०२३ मध्ये अजीत गुर्जर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ही दुसरी तपासणी नावापुरती उरकायची नाही. वकिलानं तिथं ‘मंडळानं ठरवलंय’ म्हणून गप्प बसणं ही मोठी चूक.

शिक्षा झाली तरी एकवीस वर्षांपर्यंत मुलगा तुरुंगात जात नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवला जातो. अशी ठिकाणं दर जिल्ह्यात नाहीत. कायदा राज्यात किमान एक एवढंच मागतो, त्यामुळं भेटीसाठी एसटीनं लांब जावं लागेल हे मनात धरा. एकविसाव्या वर्षी बाल न्यायालय त्याच्यातला बदल तपासून सोडायचं की उरलेली शिक्षा तुरुंगात भोगायला लावायची ते ठरवतं. तोवरचं शिक्षण, शिकलेलं काम, वागणुकीचे अहवाल सगळे तिथं मोजले जातात. म्हणून त्या काळात दहावी-बारावीचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका.

मयताच्या किंवा पीडितेच्या घरच्यांनाही दोन शब्द. सोळा वर्षांच्या मुलानं कोयता चालवला तर तो ‘बाल’ कसा, हा त्यांचा प्रश्न दुःखातून येतो आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण मोठ्यांसारखा खटला म्हणजे लवकर न्याय, असं होत नाही. मूल्यमापन, अपील, दुसरी तपासणी आणि मग सत्र खटला, शिवाय प्रौढ आरोपींचा वेगळा खटला, यात त्याच साक्षीदारांना दोनदा उभं राहावं लागतं. अमेरिकेत मुलांना प्रौढ न्यायालयात पाठवण्याचा अनुभव जुना आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञगटानं २००७ मध्ये सगळे अभ्यास पाहून सांगितलं की अशा बदलीनं त्या मुलांची पुढची हिंसा कमी होत नाही, उलट वाढते. बलात्कार आणि पोक्सोच्या प्रकरणांत पीडितेला मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडं करता येतो. आरोपी अल्पवयीन आहे म्हणून ती मदत थांबत नाही.

दोन्ही बाजूंच्या लोकांनी मुलाचा फोटो, नाव, शाळेचं नाव गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. कलम ७४ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

प्रकरण मिटल्यावर

सातारा-सांगलीकडचा मुलगा म्हटला की पुढं सैन्यभरती किंवा पोलीस भरती डोळ्यापुढं असतेच. मंडळानं प्रकरण निकाली काढलं असेल तर कलम २४ प्रमाणे त्या निकालामुळं मुलावर कुठलीही अपात्रता येत नाही, आणि चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. अपवाद एकच: सोळावरच्या मुलाला बाल न्यायालयानं मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर हे संरक्षण नाही आणि नोंदही नष्ट होत नाही. बाकीच्यांची नोंद अपिलाच्या मुदतीपर्यंत किंवा सात वर्षं ठेवून नष्ट करायची असते. ते घडलं की नाही हे पाहायला सहसा कुणी जात नाही. मुदत भरली की मंडळाकडं नोंद नष्ट करण्याचा लेखी अर्ज द्या, आदेशाची प्रमाणित नक्कल घ्या आणि तिच्या दोन प्रती काढा. एक घरी ठेवा. दुसरी, ठाण्यानं पडताळणीच्या कागदावर जुना गुन्हा लिहिला तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षक कार्यालयाला द्यायच्या अर्जाला जोडण्यासाठी.